काटा मधेच होता

"मिस्त्री, काटा मधीच हुता. आईशप्पत, मधीच हुता."

ईश्वरा चौगले गॅरेजच्या दारात उभा राहून हे म्हणाला, तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. पायात चप्पल नव्हती, दाढी वाढलेली, डोळे लाल. चार किलोमीटर अनवाणी चालत आला होता. 'आईशप्पत' तोंडातून गेलं आणि स्वतःच दचकला. त्याची आई जाऊन त्या दिवशी नववा दिवस होता, आणि ती गेली होती त्याच्याच गाडीत.

"आत ये की," मी म्हणालो.

"सुतक हाय."

"गॅरेजला कसलं रे सुतक? इथं बारा महिने सगळं काळंच असतंय."

एरवी हसला असता. तो उंबऱ्याबाहेर पडलेल्या टायरवर बसला आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीकडे बघत राहिला.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी रंगराव लोहार. करंजफाट्यावर माझं गॅरेज होतं. कोल्हापूरकडून येणारा रस्ता तिथं फुटतो, एक घाटाकडे जातो, एक वरच्या वाड्यांकडे. तोंडाचा मी फटकळ, पण हाताचा पक्का. रेडिएटरवर तळवा ठेवला की इंजिन किती तापलंय ते सांगायचो. माझ्या वस्तादानं शिकवलेलं, "काट्याला डोळं नसत्यात, हाताला असत्यात." पंचक्रोशीत कुणाची गाडी तापली की लोक म्हणायचे, रंगामिस्त्रीचा हात लावून घ्या. आणि मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

घडलं होतं ते असं. मंगळवारी सकाळी ईश्वराच्या आईच्या, हौसाबाईच्या, छातीत कळ आली. दोघा भावांनी तिला दवाखान्यात न्यायला गाडीत घातलं. ईश्वरा थोरला, तो चालवायला. धाकटा सर्जेराव मागं, आईचं डोकं मांडीवर घेऊन. बोरी गाव सोडलं आणि चढ लागला तसा जळल्यासारखा वास यायला लागला. सर्जेराव म्हणाला, "दादा, वास येतोय, थांबव. मागं बोरीत गाड्या हायत, दुसरी करू." ईश्वरानं डॅशबोर्डावरच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काटा मधी हाय. काय झालं न्हाई. आईला धर तू." आणखी दोन किलोमीटर गेल्यावर चढाच्या ऐन माथ्यावर इंजिन जाम झालं. त्या माथ्यावर फोनला रेंज नव्हती. पाऊण तासानं दुधाचा टेम्पो आला, तेव्हा हौसाबाईला उचलायची घाई उरली नव्हती.

"सर्जा म्हणतोय, काटा लाल हुता," ईश्वरा सांगत होता. "म्हणतोय, ह्येला दिसत हुतं, पर गाडीची हौस. आईला दुसऱ्याच्या गाडीत घालायला कमीपणा वाटला. अख्ख्या भावकीत म्हणतोय. उद्या दहावा. मला नदीच्या घाटावर पाय ठेवू देणार न्हाई म्हणतोय."

"आणि बळवंतआण्णा? ते काय म्हणतात?"

बळवंतआण्णा म्हणजे त्यांच्या भावकीतले सगळ्यांत वडील.

"आण्णा म्हणलं, काट्याचं यंत्र बिघडलं असंल तर कुणाचाच दोष न्हाई, दोघंबी घाटावर उभं ऱ्हावा. यंत्र चांगलं असंल तर ईश्वरा खोटं बोलला, मग त्येनं यायचं न्हाई. मिस्त्री म्हणंल ते खरं. अकराला येणार हायत दोघं." थोडा थांबून तो म्हणाला, "मिस्त्री, मला दहाव्याचं एवढं न्हाई. पर मी बघितलेलं खरं का खोटं, तेवढं मला कळू दे. आठ दिस झालं, डोळं मिटलं की काटा दिसतोय. कधी मधी दिसतोय, कधी लाल दिसतोय. येड लागंल मला."

मी म्हणालो, "जा, मागच्या विहिरीवरनं बादलीभर पाणी आण. आपण काट्याचा सेन्सर पाण्यात उकळून बघू. दूध का दूध, पानी का पानी."

तो बादली घेऊन गेला. विहीर लांब होती. म्हणूनच मी त्याला पाठवलं.

आठ दिवस ती गाडी माझ्याकडे उभी होती आणि मी एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं. आता उघडलं. सेन्सरची तपकिरी वायर हातानं चाचपत गेलो. वीतभर अंतरावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी माझीच होती.

महिन्यापूर्वी ईश्वरा आला होता. गाडी घेऊन त्याला दोन महिने झाले होते. पुण्याच्या कुणा साहेबाची जुनी गाडी, पण ठेवलेली अशी की नवीच वाटावी. आरशाला लिंबू-मिरची, स्टिअरिंगला लोकरीचं कव्हर. म्हणाला, "मिस्त्री, चढाला काटा लालात जातोय." मी बॉनेट उघडलं, रेडिएटरवर तळवा ठेवला. कोमट. पंखाही फिरत नव्हता. इंजिन तापलं असतं तर रेडिएटर हात लावू देत नाही आणि पंखा बोंबलत असतो, हे शेंबडं पोर सांगेल. मी म्हणालो, "इंजिन गार हाय. काटा खोटं बोलतोय. सेन्सर गेलाय." सेन्सर काढून तपासायला अर्धा तास लागला असता. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम, दारात चार ट्रॅक्टर उभे. नवा सेन्सर कोल्हापुरातून आणायचा होता, आणि ईश्वराला दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांकडे बारशाला जायचं होतं. काटा लाल बघून माणूस घाबरतो, वाटेत थांबत बसतो. मग आम्ही लोक जे करतो, ते मी केलं. रेडिओवाल्या जाधवाकडून भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा एक रेझिस्टन्स, वीज अडवणारा तुकडा, आणला आणि सेन्सरच्या वायरीत मधे जोडून टाकला. त्यानं काय होतं? गाडी सुरू केली की काटा हळूहळू मध्यापर्यंत येतो, अगदी खऱ्यासारखा. आणि तिथंच थांबतो. मग खाली इंजिनाची चूल होवो नाहीतर भट्टी, काटा मध्याच्या वर जात नाही.

"झालं बघ," मी म्हणालो होतो. "आता काटा गप बसतोय."

"दुरुस्त झाला?"

"झाला म्हण की."

नवा सेन्सर मी मागवणार होतो. विसरलो. एवढंच. ह्याच्यापेक्षा मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

तर त्या सकाळी मी पक्कड घेतली, रेझिस्टन्स तोडून काढला, वायरीची टोकं जोडली आणि वर नवी पट्टी मारली. नवी पट्टी चकाकत होती, म्हणून तिच्यावर ग्रीसचा हात फिरवला, धूळ चोळली. रेझिस्टन्स खिशात टाकला. मी स्वतःला बजावत होतो, की रंगा, तू ह्या पोराचं काही वाईट करत नाहीस. सेन्सर तर खराबच आहे. तू महिन्यापूर्वीच ओळखलंयस. आता सगळ्यांसमोर उकळत्या पाण्यात घातला की काटा वेडेवाकडे नाच करील, आण्णा म्हणतील यंत्र बिघडलंय, भाऊ भावाच्या गळ्यात पडेल. ईश्वरा सुटला आणि मीही सुटलो. साप भी मरे और लाठी भी न टूटे.

खरंच सांगतो, मला वाटलं होतं मी त्याला वाचवतोय.

अकराच्या सुमाराला दोघं आले. बळवंतआण्णा काठी टेकत पुढं, सर्जेराव मागं. सर्जेरावानं भावाकडे बघितलंही नाही. तो खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला.

"मिस्त्री, काय ते आमाला दिसंल असं करा," तो म्हणाला. "तुमच्या मीटरातलं आमाला कळत न्हाई."

"दिसंल असंच करतो," मी म्हणालो.

सेन्सर इंजिनातून काढला. करंगळीएवढं पितळेचं बोंड ते. घरातून बायकोकडून पातेलं आणि स्टोव्ह मागून आणला. पातेल्यात ईश्वरानं आणलेलं पाणी ओतलं. सेन्सर बारीक तारेनं बांधून पाण्यात लोंबता सोडला. त्याच्या डोक्यापासून एक लांब वायर गाडीतल्या त्याच्या मूळच्या वायरीला, दुसरी त्याच्या अंगापासून गाडीच्या पत्र्याला. आता गाडीला वाटणार की हे पातेलं म्हणजेच इंजिन. पाणी तापेल तसा डॅशबोर्डावरचा काटा हलला पाहिजे. सेन्सर चांगला असेल तर पाण्याबरोबर चढत जाईल आणि उकळी फुटली की लालाला टेकेल. खराब असेल तर तळाला मरून पडेल, नाहीतर पाणी गार असतानाच उड्या मारेल.

"आणि मधीच ऱ्हायला तर?" ईश्वरानं विचारलं.

"तर तू म्हणतोस ते खरं."

आण्णा टायरवर बसत म्हणाले, "ईश्वरा, तूच बस गाडीत. किल्ली फिरव. काटा कुठं हाय ते तूच वरडून सांगायचं. तुझ्याच तोंडानं हुंदे."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. आठ दिवसांनी बसत होता. आरशाला अडकवलेलं लिंबू वाळून काळं झालं होतं. मागच्या सीटवर हौसाबाईचं पांघरूण अजून तसंच पडलेलं. त्यानं मान वळवून ते बघितलं आणि किल्ली फिरवली.

मी स्टोव्हला पंप मारला.

"काटा कुठं हाय?" आण्णांनी विचारलं.

"तळाला हाय."

स्टोव्ह फुरफुरायला लागला. आण्णांनी पाण्यात बोट बुडवलं. "कोमट झालंय. काटा कुठं हाय?"

"हललाय. जरासा हललाय."

इतक्या गुमान हलायला नको होता तो. खराब सेन्सर असा शहाण्यासारखा वागत नाही. मी म्हटलं, थांब, पुढं उडी मारेल. मारीलच.

पाण्यातून वाफ यायला लागली. पातेल्याच्या बुडाला बारीक बुडबुडे धरले.

"काटा कुठं हाय?"

"मधल्या रेघेच्या खाली." मग एकदम ईश्वराचा आवाज चढला. "मधी! आण्णा, मधी आलाय बगा! हितंच! हितंच हुता!"

सर्जेरावानं हाताची घडी सोडली. एक पाऊल पुढं आला. त्याच्या तोंडावर त्या क्षणी काय होतं ते मी विसरू शकत नाही. त्यालाही तेच हवं होतं हो! त्यालाही आपला भाऊ खोटा नको होता. मी पातेल्याकडे बघत मनात म्हणत होतो, थांब. आई अंबाबाई, थांबव त्याला तिथं. आयुष्यात काही मागितलं नाही तुझ्याकडे.

पाण्याला उकळी फुटली. झाकणाशिवायचं पातेलं, उकळीचा खदखद आवाज व्हायला लागला. गाडीतून काहीच आवाज येईना.

"ईश्वरा," आण्णा म्हणाले.

आण्णा काठीवर रेलून पुढं वाकले.

"ईश्वरा, काटा कुठं हाय?"

"मधल्या रेघेच्या वर हाय."

"आता?"

त्यानं काट्यावरच्या काचेला बोट टेकवलं. मग शाळेतलं पोर पाढा म्हणतं तशा आवाजात म्हणाला, "लाल."

सर्जेराव गाडीपाशी गेला. खिडकीतून वाकून त्यानं काटा बघितला. मग भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"घे आता आईशप्पत," तो म्हणाला, आणि रस्त्याला लागला. मागं वळून बघितलं नाही.

आण्णा उठले. काठी सावरली. जाता जाता माझ्यापाशी थांबले. म्हातारा हुशार होता. माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मिस्त्री, ईश्वरा म्हणत हुता, म्हैन्यामागं तुमी काटा दुरुस्त केला हुता. काय केलं हुतं?"

इथं. इथंच माझ्या आयुष्याची फाटाफूट झाली. खिशात हात घालायचा, तो रेझिस्टन्स काढायचा आणि आण्णांच्या तळहातावर ठेवायचा. दहा सेकंदांचं काम. सर्जेराव अजून हाकेच्या अंतरावर होता. मी गाडीकडे बघितलं. ईश्वरा किल्ली बंद करायला विसरून तसाच बसला होता.

"वायर सैल हुती," मी म्हणालो. "घट्ट केली."

"मग काटा बरोबर झाला असणार."

"व्हय. बरोबर झाला असणार."

भीती वाटली. बाकी काही नाही. उगाच गोड गोड कारणं सांगत नाही. गॅरेज जाईल, फाट्यावर लोक तोंडाला काळं फासतील, 'हौसाबाईला मिस्त्रीनं मारली' म्हणतील, ह्याची भीती. मी मूग गिळून बसलो आणि आण्णा निघून गेले.

ईश्वरा गाडीतून उतरला. स्टोव्हपाशी येऊन उकळत्या पातेल्याकडे बघत उभा राहिला.

"मिस्त्री, मग मी काय बघितलं?"

मी स्टोव्हची हवा सोडली.

"तुमचा हात कधी चुकत न्हाई," तो म्हणाला. "यंत्रबी चांगलं हाय. म्हंजे काटा लालच असणार. मला घाईत दिसलाच न्हाई. न्हाईतर दिसला आणि मी..." तो थांबला. "सर्जा म्हणतोय तसंच असंल. गाडीची हौस हुतीच की मला."

"असं म्हणू नको, ईश्वरा."

"मग कसं म्हणू?"

मी फडक्यानं धरून पातेलं खाली उतरवलं. तो तसाच अनवाणी निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर मी इंजिनाचं तोंड खोललं. सेन्सर जिथं बसतो, त्याच्या शेजारीच एक झाकण असतं. त्याच्यात एक व्हॉल्व्ह असतो. इंजिन तापलं की तो उघडतो आणि गरम पाणी रेडिएटरकडे सोडतो. आमच्याकडे हा व्हॉल्व्ह कुणी ठेवत नाही. हवा गरम, रस्ते चढाचे, म्हणून गाडी आली की पहिल्यांदा तो काढून फेकायचा, असा आमचा रिवाज. मी स्वतः शंभरेक काढले असतील. म्हणूनच तर माझा तळवा चालायचा. व्हॉल्व्ह नाही, तर इंजिनातलं पाणी तेच रेडिएटरातलं पाणी. एक गरम तर दुसरं गरम.

ही गाडी पुण्याची होती. झाकण उघडलं तर व्हॉल्व्ह आत होता, कंपनीतून आला तसा. क्षारांनी पांढरा पडलेला, अर्धवट गंजलेला आणि घट्ट मिटलेला. महिनाभर तो कधी अडकत असणार, कधी सुटत असणार. अडकला की इंजिन आत उकळायचं आणि गरम पाण्याला बाहेर वाटच नसायची. रेडिएटर कोमट. पंखा गप्प. माझ्या तळव्याला काही कळायची सोय नव्हती. काटा बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. सगळ्या गाडीत तेवढा एकच खरं बोलणारा होता, आणि त्याचा गळा मी बांधून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दहाव्याला मी गेलो. न जाऊन कसं चालेल, फाट्यावरचा माणूस. ईश्वरा घाटावर नव्हता. वर रस्त्याच्या कडेला दगडावर पाठमोरा बसला होता. सर्जेरावानं पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला, तास गेला. लोक एकेक करून बोलायला लागले, "हौसाक्का, नातवाला शिकवू." "हौसाक्का, काळजी करू नका." कावळा हलेना. शेवटी आण्णा हळूच म्हणाले, "सर्जा, थोरल्याला खाली बोलवू काय?" सर्जेरावानं मान हलवली. नाही. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. मी नदीत उभा होतो, गुडघाभर पाण्यात. मला माहीत होतं हौसाबाई कशाला थांबली होती. मी तोंडातून शब्द काढला नाही.

ईश्वरानं गाडी विकली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. सर्जेराव वर्षभरात बायकापोरं घेऊन इचलकरंजीला गेला. भाऊ भावाशी बोलला नाही. आणि ईश्वरा फाट्यावर येऊन बसायला लागला. सकाळी यायचा, एसटीच्या थांब्यापाशी उभा राहायचा. घाटाकडे निघालेली कुठलीही गाडी थांबली की खिडकीपाशी जायचा, वाकायचा आणि विचारायचा, "काटा कुठं हाय?" पहिल्यांदा लोक दचकायचे. मग सवय झाली. वडापचे जीपवाले लांबूनच ओरडायचे, "मधी हाय, ईश्वरदादा!" तो मान हलवायचा, आत डोकं घालून स्वतः बघायचा आणि मग गाडीच्या पत्र्यावर थाप मारायचा, जा म्हणून. पोरंटोरं 'काटा आला, काटा आला' करून चेष्टा करायची. मी एकदा एकाच्या कानाखाली आवाज काढला. पोराचा बाप भांडायला आला. म्हणाला, "तुमाला का एवढं झोंबलं, मिस्त्री?"

खरंच, मला का झोंबावं!

गॅरेज मी त्यानंतर पाच वर्षं चालवलं. पण हात गेला होता. तळवा ठेवायचो आणि काही कळायचं नाही. प्रत्येक गाडीचा सेन्सर काढून उकळत्या पाण्यात घालून बघायचो. गिऱ्हाईकं वैतागली आणि दुसरीकडे जायला लागली. बरं झालं.

गेल्या मार्गशीर्षात बळवंतआण्णा गेले. नव्वदी पार केली होती. त्यांच्या दहाव्याला मी त्याच घाटावर गेलो. वर बघितलं तर रस्त्याच्या कडेला त्याच दगडावर ईश्वरा. सोळा वर्षांत कुणाच्याही दहाव्याला तो त्याच्या खाली उतरलेला नाही. केस पांढरे, दात गेलेले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे, पण बघणाऱ्याला थोरला वाटेल.

आण्णा गेले, आता विचारणारा कुणी उरला नाही. मला वाटलं, आता तरी. मी काठी टेकत चढून वर गेलो आणि त्याच्याशेजारी बसलो. खिशातून तंबाखूची डबी काढली. त्या डबीत तंबाखू नसते, सोळा वर्षं तो रेझिस्टन्स असतो, काळ्या पट्टीच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"ईश्वरा," मी म्हणालो, "हे बघ. हे तुझ्या गाडीत हुतं. मी घातलं हुतं. ह्येच्यामुळं काटा मधीच थांबायचा. तू बघितलंस ते खरं हुतं. काटा मधीच हुता."

आणि मग मी सगळं सांगितलं. तळव्याचं, व्हॉल्व्हचं, पट्टीला चोळलेल्या धुळीचं, विहिरीवर पाठवल्याचं, आण्णांना काय बोललो त्याचं. काही राखलं नाही. सांगताना रडलो. सत्तरीचा माणूस, रस्त्याच्या कडेला बसून हुंदके देत होतो.

तो शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं तो रेझिस्टन्स हातात घेतला, चिमटीत धरून उलटासुलटा केला, उन्हात धरला.

"रेडिओचं हाय की हे," तो म्हणाला.

"रेडिओचंच. पण तुझ्या गाडीत हुतं."

त्यानं तो परत पट्टीत गुंडाळला, माझ्या डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावून माझ्या हातात दिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या नजरेत राग असता तर मी जगलो असतो. राग नव्हता. माया होती.

"मिस्त्री, तुमी देवमाणूस," तो म्हणाला. "माझ्यासाठी एवढं बालंट सोताच्या डोक्यावर घ्यायला निघालासा. पर कशाला? समद्यांच्या म्होरं पाण्यात घालून बघितलंय आपन. मी सीटवर हुतो. माझ्याच तोंडानं वरडून सांगितलं न्हवं का, लाल म्हणून?"

"ईश्वरा, अरे तवा मी ते काढून..."

"ऱ्हाऊ द्या."

फाट्याकडून एक पांढरी गाडी आली आणि वळणावर हळू झाली. ईश्वरा गुडघ्यांवर हात टेकून उठला, धोतर झटकलं आणि तिला थांबवायला रस्त्यात गेला.